तिओ रामिरोचा मित्र

११ फेब्रुवारी

नव्या मालिकेचा पहिला दिवस. बरबँकच्या स्टुडिओत मागच्या इमारतीतली खिडकी नसलेली खोली. लांब टेबल, सात लेखक, भिंतीभर फळा. टेबलाच्या मधोमध कापलेल्या आंब्यांचा वाडगा, वर तिखट भुरभुरलेलं. कोणीतरी फार विचार करून मागवलेला दिसला. मेक्सिकन कुटुंबाची मालिका लिहायची म्हणजे आंब्यापासून सुरुवात.

नाव 'ओरोस्को आणि मंडळी'. पूर्व लॉस एंजेलिसमधलं एक घर, आजी, मुलं, नातवंडं. थोडं हसायचं, थोडं रडायचं, अर्ध्या तासाचे दहा भाग. मुख्य लेखिका कॉर्टनी हेल. या बाईने नदीच्या पूर्वेला कधी गाडी थांबवली असेल तर ती टायर फुटला म्हणून. मला म्हणाली, "लिआंद्रो, आपल्याला खरेपणा हवाय. म्हणून तर तू आहेस." मी मान हलवली. या धंद्यात माझे केस पांढरे झाले. खरेपणा म्हणजे नामावलीत माझं बारागान आडनाव, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

मालिका दाखवणाऱ्या कंपनीची अट अशी की घरात एकजण गे हवा. कॉर्टनीने फळ्यावर लिहिलं: तिओ रामिरो, मुलांचा काका. "लॅटिनो आणि गे, दोन्ही एकाच पात्रात!" एका तिकिटावर दोघांना आत सोडल्याचा आनंद होता तिच्या तोंडावर.

मीही दोन्ही आहे. पण विचारलं कोणी नाही आणि मी सांगितलं नाही. मला पगार लिहिण्याचा मिळतो, नमुना म्हणून बसण्याचा नाही.

१६ फेब्रुवारी

रविवार, म्हणून आईकडे, अमाकडे. मी आणि एसेकिएल. मटणाचा रस्सा, टोर्तिया, आणि टॅब्लेटवर तुर्की मालिका, स्पॅनिशमध्ये बोलणारी. अमा जेवतानाही ती बंद करत नाही. नायक नायिकेला सोडून इस्तंबूलहून निघालेला होता आणि अमा त्याला शिव्या देत होती. "भित्रा आहे नुसता. एवढा उंच आणि एवढा भित्रा!"

बहीण नोएमी आणि तिची दालिया आल्या होत्या. दालियाला मे महिन्यात पंधरा पूर्ण होतायत, तेव्हा किन्सेआन्येरा, मुलगी पंधराची झाल्याचा समारंभ, होणारच. सहा महिने घरात त्याशिवाय विषय नाही. आमच्यात या समारंभाचा खर्च वाटून घेतात. मुकुटाचे पाद्रिनो, म्हणजे मानाचे यजमान, एक, बुटांचे दुसरे, अल्बमचे तिसरे. प्रत्येक वस्तूमागे एक जोडपं. त्यांची नावं जोडीनेच पत्रिकेत छापतात, हॉलमध्ये जोडीनेच पुकारतात, आणि जोडीनेच मुलीच्या शेजारी उभं राहून फोटो काढतात.

दालिया टेबलाशी येऊन उभी राहिली. घसा साफ करून म्हणाली, "तिओ, तू आणि एसेकिएल माझ्या केकचे पाद्रिनो व्हाल का?"

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. एसेकिएल म्हणाला, "मोठ्या आनंदाने, राणी."

अमाने टॅब्लेटचा आवाज वाढवला. मी समजायचं ते समजलो.

घरी येताना गाडीत एसेकिएल शीळ घालत होता. त्याला म्हटलं, पोरगी लहान आहे, तिला कळत नाही. तो म्हणाला, "तिला कळतं म्हणून तर विचारलं." मग शीळ थांबली.

अठरा वर्षं आम्ही एका घरात राहतो. अमाला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं, हा माझा मित्र, भाडी महाग आहेत म्हणून आम्ही जागा वाटून घेतली आहे. त्यावर तिने एक शब्द विचारला नाही. अशी समज आमच्या लोकांत असते. ती कॉर्टनीला सात जन्मांत यायची नाही.

२० फेब्रुवारी

सेट पाहिला. स्वयंपाकघरात ग्वादालुपेच्या माउलीची चित्रं तीन. खिडकीत निवडुंग. छतावर रंगीत कागदी पताका, जणू ओरोस्को लोक बारमाही लग्नात राहतात. आजीसाठी विणलेली शाल. माझी अमा पायात जांभळे स्पोर्ट्स बूट घालते आणि तिच्या भिंतीवर माझ्या मेव्हण्याच्या टायरच्या दुकानाचं कॅलेंडर आहे.

सजावटीवर देखरेख करायला सल्लागार नेमलाय. तो बार्सिलोनाचा. त्याने मला आमच्या चटणीबद्दल माहिती दिली.

४ मार्च

यारेली मोन्तेहानो ही खोलीतली सगळ्यात लहान. सव्वीस वर्षांची, डोकं एका बाजूने भादरलेलं, आमच्याच पूर्वेकडच्या पिको रिव्हेराची. पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाली की मला मुली आवडतात. कोणी वेळ विचारली तरी ही पिढी आधी ते सांगेल.

चौथा भाग तिच्याकडे होता. रविवारचं जेवण. तिओ रामिरो पहिल्यांदा आपल्या माणसाला घरी आणतो. सगळे गप्प. आणि आजी उठते, त्याचा हात धरते, आपल्या शेजारी बसवते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "हा माझ्या मुलाचा जोडीदार आहे. याला आधी वाढा."

खोलीतल्या गोऱ्या मंडळींनी डोळे पुसले. मी विचारलं, "हे कुठल्या घरात घडलं?"

"घडलं नाही," यारेली म्हणाली.

"तुझी आजी असं बोलली?"

"आजी काहीच बोलली नाही. मी वाट बघत होते. ती गेली."

"मग हा संवाद नाही, नवस आहे. प्रेक्षक तुझे नवस बघायला बसत नाहीत. आमच्या आया असं बोलत नाहीत. त्या न बोलून सांभाळून घेतात. त्यांच्या तोंडी हे भाषण घालणं म्हणजे त्यांना शाल पांघरून कॉर्टनी बनवणं."

कॉर्टनीने हे मनाला लावून न घेता वहीत उतरवून घेतलं. यारेली म्हणाली, "तुम्ही तुमच्या आईला कधी विचारलंत?"

"विचारायची गरज पडत नाही. तेच तर सांगतोय."

चौथा भाग माझ्याकडे आला.

९ मार्च

लिहून झाला. रामिरो त्या माणसाला घेऊन येतो. आजी कोणाकडे बघत नाही. भांडं ढवळत विचारते, "तुझा मित्र जेवणार ना?" कपाटातून एक जादा ताट काढते. बस्स. ताट टेबलावर ठेवल्याचा आवाज, आणि पुढचा प्रसंग.

एवढी स्वच्छ पानं बऱ्याच वर्षांत लिहिली नव्हती.

एसेकिएलला वाचायला दिलं. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं. "छान आहे. खरंच छान आहे." मग म्हणाला, "याला नाव का नाही?"

"कोणाला?"

"या माणसाला. तू सगळीकडे 'रामिरोचा मित्र' लिहिलंयस. घरातल्या कुत्र्यालासुद्धा नाव आहे."

म्हटलं, त्याला दोनच वाक्यं आहेत, नाव कशाला. तो फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे सांधे फिरवतो. लिखाणातलं त्याला काय कळणार? त्याने चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि तो अमाकडे गेला. दर गुरुवारी आणि अधूनमधून तो तिच्या गुडघ्यांचे व्यायाम घ्यायला जातो. मला बरं पडतं.

१२ मार्च

पत्रिका छापायला जायची होती, म्हणून नोएमीला फोन केला. केकसमोर माझं आणि अमाचं नाव टाक, म्हटलं. आई आणि मुलगा. विधवा बाई मुलाबरोबर पाद्रिनो होते, चालतं ते सर्रास.

"एसेकिएलला सांगितलंस?"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

"लिआंद्रो, दालियाने..."

"दालिया चौदा वर्षांची आहे. हॉलमध्ये दीडशे माणसं येणार. तुझ्या नवऱ्याचे भाऊ येणार मेक्सिकोतून, सकातेकासहून. मला तमाशा नको."

नोएमीचा नवरा चुइ म्हणजे टायरचं दुकान, पितळी घोड्याच्या बक्कलचा पट्टा, आणि लग्नकार्यात न काढलेली टोपी. आमच्यासारख्यांबद्दल त्याच्या तोंडून काय निघेल हे ऐकायला मला त्याच्याशी कधी बोलावं लागलेलं नाही. तोंड बघून कळतं.

मग अमाला फोन केला. ती म्हणाली, "मी? माझे गुडघे आहेत का नाचगाण्यात उभं राहायला? तुला दुसरं कोणी नाही का, मिहो, बाळा?"

म्हटलं, दुसरं कोण असणार.

मग म्हणाली, "बरं." म्हातारपणी माणसं प्रत्येक गोष्टीची कटकट करतात.

२ एप्रिल

सामूहिक वाचन. नटांनी चौथा भाग वाचला. आजीने 'तुझा मित्र जेवणार ना?' म्हटल्यावर कॉर्टनीने छातीवर हात ठेवला. कंपनीच्या माणसाने माझा खांदा दाबला आणि म्हणाला, "हे बाहेरच्याला लिहिताच आलं नसतं." अभिनंदन करताना त्याने माझं नाव लिओनार्दो घेतलं.

यारेली एकटीच कोरडी. "चांगलंय," एवढंच. हरलेल्या माणसाला चांगलं म्हणावं लागतं, तसं.

१९ एप्रिल

पत्रिका आली. एसेकिएलने पाकीट उघडलं. वाचली, टेबलावर ठेवली, ओट्यावरची भांडी घासली. पुसूनही ठेवली.

मग समोर बसला. "मी ओरडणार नाहीये. सॅक्रामेंटोच्या त्या हॉस्पिटलने परत विचारलंय. विभाग माझ्याकडे देतायत. मी इतके दिवस नाही म्हणत होतो ते तुझ्यासाठी."

"मग आताही नाही म्हण."

"छापलेलं जाऊ दे. छापणारा माणूस चुका करतोच. त्या दिवशी केकचे पाद्रिनो म्हणून पुकारतील, तेव्हा तू उठून मला हात देशील का? नाव नको घेऊस. काही बोलू नकोस. तुला न बोलणं आवडतं ना? न बोलता दे. नाही दिलास तर मी जाईन."

"अमाचं काय? या वयात तिला हे सहन होईल का?"

तो हसला. कसं हसला ते लिहिता येत नाही. "तिच्याशी तू शेवटचं कधी बोललास, लिआंद्रो? रस्सा वाढ आणि मीठ दे सोडून?"

धमकी देऊन प्रेम मागणारी माणसं मी शेकड्यांनी लिहिली आहेत. प्रत्येक हंगामाच्या नवव्या भागात एक असतो. दहाव्यात तो परत येतो.

७ मे

चौथ्या भागाचं चित्रीकरण. कॉर्टनीने आपापल्या घरच्यांना आणायला सांगितलं होतं. एसेकिएलला मी बोलावलं नव्हतं. त्याला यारेलीने बोलावलं. फोन नंबर कुठून मिळवला देवाला ठाऊक.

कॉर्टनीने विचारलं, "आणि हे?"

"माझा मित्र," मी म्हटलं.

नेमकं त्याच वेळी पलीकडे दिव्यांखाली आजी तोच शब्द बोलत होती. चार वेळा घेतलं त्यांनी ते दृश्य, कारण ताट ठेवल्याचा आवाज नीट येत नव्हता. एसेकिएल चारही वेळा उभा राहून बघत होता. ज्या नटाला 'रामिरोचा मित्र' केलं होतं तो देखणा, केस मागे फिरवलेला पोरगा, ताटाकडे बघून डोळ्यांत पाणी आणत होता. पहिल्याच वेळी आणलं, चौथ्यालाही आणलं. त्याला तेच येत असावं.

यारेली कॉफीचे दोन पेले घेऊन आली. एक एसेकिएलला दिला. माझ्याकडे बघून म्हणाली, "पात्राला शेवटी नाव मिळालं की नाही?"

"दोन वाक्यांच्या पात्राला नाव लागत नाही."

"माझ्या मसुद्यात होतं," ती एसेकिएलला म्हणाली. तो म्हणाला, "काय होतं?" दोघं बोलत बाहेर गेले. तिने काय सांगितलं ते मला कळलं नाही. मला तिथे थांबावं लागलं. प्रकाशयोजनेचा माणूस विचारत होता की आजीच्या शालीचा लाल रंग जास्त होतोय का.

१८ मे

काल दालियाचा समारंभ झाला.

माँतेबेल्लोचा हॉल, गुलाबी फुगे, चांदीच्या खुर्च्या, आणि आवाज इतका की बोलायचं तर कानात ओरडावं लागत होतं. दालिया पोपटी झग्यात केकसारखीच दिसत होती. केक सहा मजली. त्याच्यावर साखरेचं कारंजं होतं, ते खरोखर वाहत होतं. सेटवर असला केक ठेवला असता तर मी अतिशयोक्ती म्हणून काढायला लावला असता.

आमच्या टेबलावर अमा, म्हणजे पत्रिकेतल्या दोन्या एउलालिया, जांभळे बूट आणि मोत्यांची माळ. तिच्या एका बाजूला एसेकिएल, एका बाजूला मी. एसेकिएलने नवा सूट शिवून घेतला होता. मला सांगितलं नव्हतं.

निवेदक एकेक जोडी पुकारत होता. मुकुटाचे पाद्रिनो आले, बुटांचे आले. चुइचा भाऊ आणि त्याची बायको, दोघं दारात मावणार नाहीत एवढे, हातात हात घालून डुलत गेले. प्रत्येकाला टाळ्या.

"आणि केकचे पाद्रिनो! दोन्या एउलालिया आणि लिआंद्रो बारागान!"

एसेकिएलने ताटलीकडे बघितलं. मी उठलो. सांगायचं तर मी एक क्षण थांबलो होतो. त्याच्या खांद्यापर्यंत माझा हात गेला होता असं मला वाटतं. पण समोर सकातेकासची टोप्यांची रांग होती, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. मी वळलो आणि अमाला हात दिला.

तिने तो घेतला नाही.

"माझे गुडघे दुखतायत," अमा म्हणाली. संगीत तेवढ्यात थांबलं होतं, त्यामुळे शेजारच्या चार टेबलांनी ऐकलं. "याला घेऊन जा."

"अमा, लोक बघतायत."

"अठरा वर्षं बघतायत, मिहो. त्यांचे डोळे गेले नाहीत, खाली घालून तुझीच मान दुखली." मग हळू आवाजात, "मी मरायच्या आधी एकदा तरी. चल. दोघं जा."

निवेदक म्हणाला, "केकचे पाद्रिनो? लाजतायत वाटतं!" लोक हसले.

मी म्हटलं, "इथे नको, अमा. घरी बोलू."

तिने माझ्याकडे पाहिलं. इस्तंबूलहून निघालेल्या त्या उंच माणसाकडेसुद्धा तिने इतक्या किळसेने पाहिलं नव्हतं. मग तिने आपली पर्स माझ्या हातात दिली, काठी माझ्या हातात दिली, एसेकिएलचा दंड धरला आणि उठली. तो "दोन्या, नको" म्हणत होता. ती म्हणाली, "गप्प चल आणि सरळ उभा राहा. सूट चांगला आहे."

आणि ती चालत गेली. काठीशिवाय, अख्ख्या हॉलमधून. दालियाने दोघांच्या गळ्यात हात टाकले. निवेदकाने कार्डाकडे बघून गडबडीत माझंच नाव पुन्हा घेतलं, तेव्हा अमाने त्याच्या हातातून माइक घेतला. "लिआंद्रो नाही. हा एसेकिएल ताफोया. माझा मुलगा." टाळ्या झाल्या. सकातेकासच्या टोप्यांनी शिट्ट्या मारल्या. मी खुर्च्यांमध्ये बायकांची पर्स घेऊन उभा होतो. ती जड होती. आत काय घालते कोण जाणे.

केक कापल्यावर एसेकिएल ताटल्या भरायला लागला. अमा टेबलापाशी आली, माझ्या हातातून पर्स घेतली आणि मागे वळून त्याला म्हणाली, "आधी पाहुण्यांना दे."

पहिली ताटली माझ्यासमोर आली.

असे प्रसंग लोक लिहितात. म्हातारी उठते, माइक घेते, एका वाक्यात सगळं सांगून टाकते. यारेलीने आणला असता तर मी पहिल्या वाचनाला कापला असता. पात्राची तयारी नाही, आधी कुठे पेरलेलं नाही, प्रेक्षक विश्वास ठेवणार नाही. केक ठीक होता. दूध जास्त झालं होतं.

अमाला घरी सोडायला एसेकिएल गेला.

२४ मे

चौथा भाग कंपनीने संकलनात पाहिला. 'हंगामाचा आत्मा' म्हणाले. दुसऱ्या हंगामाची बोलणी सुरू. कॉर्टनी म्हणते, पुढच्या वेळी रामिरोच्या मित्राला थोडं वाढवू या. म्हटलं, बघू.

आज एसेकिएलचं सामान गेलं. तो आठवडाभर अमाकडेच राहत होता. तिथूनच उद्या पहाटे सॅक्रामेंटोला निघणार. आला, खोकी भरली, स्वयंपाकघरातली त्याची लोखंडी तवी घ्यावी की नाही याचा विचार करत थोडा वेळ उभा राहिला, आणि ठेवून दिली. "तुला दुसरी नाही," म्हणाला. आम्ही भांडलो नाही. सभ्य माणसं आहोत.

खोकी न्यायला चुइ ट्रक घेऊन आला होता. अख्खा वेळ एक शब्द नाही. शेवटचं खोकं चढवलं, एसेकिएल पुढे जाऊन बसला, आणि चुइ जिना चढून परत वर आला. दारात उभा राहिला. टोपी काढली. त्याचं टक्कल मी पहिल्यांदा पाहिलं.

"कुन्यादो," तो म्हणाला, मेव्हणेबुवा म्हणतो तसं, "मला बोलता येत नाही. पण वाईट वाटलं. माझ्या बहिणीचं मोडलं तेव्हा इतकं वाटलं नव्हतं. तुम्हा दोघांकडे बघून मी नोएमीला म्हणायचो, टिकतं ते असं." त्याचे डोळे ओले होते. टोपी हातात फिरवत होता. "काही लागलं तर हाक मार. जेवायला ये. एकटा बसू नकोस."

म्हटलं, "अरे, त्यात काय एवढं? खोली रिकामी झाली. दुसरा भाडेकरू बघायचा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग टोपी घातली आणि खाली गेला.

चुइला विनोद कधीच कळत नाही.